सर्व्हरवर लाखो बारक्या फाइली ठेवायच्यात? आधी हिशोब करा, मग फॉरमॅट मारा

लिनक्स सर्व्हर सांगायलाय "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" आणि तुम्ही डीएफ -एच मारून बघता तर ५०० जीबीतली साडेतीनशे मोकळीच दिसायलीय. मग रिस्टार्ट होतो, परमिशन बघून होतात, कुणीतरी म्हणतं डिस्क गेली, नवी मागवा. नवी मागवू नका. डीएफ -आय मारा. त्यात आयनोड, वापरलेले, शिल्लक आणि टक्के असे कॉलम येतात, आणि टक्क्याच्या खाली १०० दिसलं की विषय संपला, जागा नाही तर आयनोड संपलेत.

(कमांडी मी इथं देवनागरीत लिहायलोय, टर्मिनलवर टाकताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि जिथं कॅपिटल म्हटलंय तिथं कॅपिटलच टाका, नायतर भलतंच होईल.)

आयनोड म्हणजे एका फाइलची नोंद. मालक कोण, साइज किती, डेटा डिस्कवर कुठं पडलाय हे सगळं त्यात. फाइल १० जीबीची असो नायतर दोन केबीची, नोंद एकच लागते. मोंढ्यात गोदाम अर्धं रिकामं आहे पण पावतीपुस्तक संपलंय म्हणून माल आत घेता येत नाही, तसला हा प्रकार. आणि ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) मधी हे पुस्तक किती पानांचं हे फॉरमॅट मारतानाच ठरतं, नंतर त्याच जागेत पानं वाढवता येत नाहीत. म्हणून सगळा खेळ फॉरमॅटच्या आधीचा आहे.

आकडे मांडून बघू

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. लातूरला क्लासेसचं किती मोठं काम चालतं ते सांगायला नको. समजा एका क्लासची नीटची टेस्ट आहे, ५००० पोरं, १८० प्रश्न, आणि ओएमआर तपासणारं सॉफ्टवेअर प्रत्येक उत्तराची पट्टी कापून वेगळी जेपेग करून ठेवतंय म्हणजे पोरानं "सर मी बी मारला होता" म्हटलं की पट्टी काढून दाखवता येते. एका टेस्टला ५००० गुणिले १८०, म्हणजे ९ लाख फाइली. एक फाइल तीन केबीची धरा. ईएक्सटी४ चा ब्लॉक, म्हणजे जागा द्यायचा सगळ्यात लहान तुकडा, ४ केबीचा असतो म्हणून तीन केबीची फाइल पण चार केबी खाते, तरी टेस्टला साडेतीन-पावणेचार जीबीच झाले, काहीच नाही, कुणाला काळजी वाटत नाही.

आता ५०० जीबीच्या डिस्कवर ईएक्सटी४ डिफॉल्टनं बनवलं तर दर १६३८४ बाइटला एक आयनोड या हिशोबानं सुमारे ३ कोटी ५ लाख आयनोड मिळतात. नऊ-नऊ लाखानं खात गेलं की चौतिसाव्या टेस्टला गाडी अडकते, आणि तवा डिस्कवर फक्त सव्वाशे जीबी वापरलेली असते. आठवड्याला दोन टेस्ट असल्या तर चार महिन्यात खेळ खलास, म्हणजे जूनला बॅच सुरू झाली तर दिवाळीच्या आसपास. क्लासच कशाला, साखर कारखान्याच्या काट्यावर प्रत्येक गाडीची पावती आणि नंबर प्लेटचे फोटो साठवणारा सर्व्हर असो, मेलडिर वाला (प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवणारा) मेल सर्व्हर असो, थंबनेल बनवणारी वेबसाइट असो, नायतर पीएचपीच्या सेशन फाइली कधी साफच न होणारा जुना होस्टिंग बॉक्स असो, सगळीकडं हेच होतं.

म्हणून पहिलं काम, मोजा. जुना सर्व्हर असला तर डीयू --आयनोड्स हे -एक्स आणि -एस लावून एकेका फोल्डरवर चालवा, कुणी किती नोंदी खाल्ल्या लगेच कळतं. एकदा साधं डीयू आणि एकदा डीयू --अ‍ॅपरंट-साइज चालवा, दोन्हीतला फरक म्हणजे ब्लॉकच्या गोलाईत वाया गेलेली जागा. आपल्या उदाहरणात फाइलमागं एक केबी वाया जातोय, वर्षाला शंभर टेस्ट धरल्या तर ९ कोटी फाइली आणि जवळजवळ ९० जीबी नुसती पोकळ जागा. त्यावर उपाय म्हणून कुणीकुणी एक केबीचा ब्लॉक करा म्हणून सांगतात, करता येतो, पण ब्लॉकची संख्या चौपट होते, सांभाळायचा व्याप वाढतो, माझं मत नका करू, डिस्क त्यापेक्षा स्वस्त आहे.

ईएक्सटी४ करायचं असेल तर

एमकेएफएस.ईएक्सटी४ ला -आय (स्मॉल) लावून पुढं आकडा द्यायचा, तो म्हणजे किती बाइटला एक आयनोड. एकूण वापरलेली जागा भागिले फाइलींची संख्या, जे येईल त्याच्यापेक्षा थोडा कमीच आकडा ठेवा, कारण फोल्डरला पण एकेक आयनोड लागतो आणि उद्या फाइली अजून बारक्या झाल्या तर? पण ४०९६ च्या खाली जायला अर्थ नाही, ब्लॉकच चार केबीचा आहे तर त्याहून जास्त फाइली मावणारच कुठं.

फुकट मात्र काही मिळत नाही. एक आयनोड २५६ बाइटचा असतो. डिफॉल्टला डिस्कच्या दीड टक्क्याच्या आसपास आयनोड टेबलात जाते, ८१९२ ठेवलं तर तीन टक्के, ४०९६ ठेवलं तर सव्वासहा टक्के, म्हणजे ५०० जीबीत ३१ जीबी. पट्ट्यांसारख्या कामाला ४०९६ च, मिक्स काम असेल, थोडे पीडीएफ थोडे फोटो, तर ८१९२ पुरतं. संख्याच थेट द्यायची असली तर कॅपिटल एन चा ऑप्शन आहे.

आणि एक, मोठ्या डिस्कला डिफॉल्ट अजून वाईट होतं हे लई जणांच्या ध्यानात येत नाही. ४ टीबीच्या पुढं गेलं की ईएक्सटी४ स्वतःहून ३२७६८ बाइटला एक असा हिशोब धरतं, १६ टीबीच्या पुढं ६५५३६. म्हणजे मोठी डिस्क घेतली आता टेन्शन नाही असं समजून डोळे झाकून एंटर मारलं की टीबीमागं आयनोड निम्मे. त्यातच कुणीतरी नेटवरून -टी (कॅपिटल) लार्जफाइल उचलून टाकलेलं असलं तर विचारूच नका, तिथं एक एमबीला एक आयनोड असतो.

रूटसाठी (म्हणजे अ‍ॅडमिनसाठी) पाच टक्के जागा राखीव राहते ती डेटाच्या पार्टिशनवर गरजेची नाही, ट्यून२एफएस -एम १ करून एक टक्क्यावर आणा. सिस्टीमच्या पार्टिशनला हात लावू नका.

एक्सएफएस

नवा सर्व्हर असेल आणि मला कुणी विचारलं तर मी एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टीम सांगतो. आयनोड आधी वाटून ठेवत नाही, लागतील तसे बनवतं. रेड हॅटनं ७ व्या व्हर्जनपासून, म्हणजे २०१४ पासून, तेच डिफॉल्ट केलंय. उबुंटू आणि डेबियनचा इन्स्टॉलर अजून ईएक्सटी४ पुढं करतो म्हणून आपल्याकडं, जिथं तिथं उबुंटूच टाकतात, तिथं आयनोड संपल्याच्या तक्रारी जास्त दिसतात.

पण एक्सएफएस मधी पण कुंपण आहे. आयमॅक्सपीसीटी म्हणून सेटिंग आहे, आयनोडनं जास्तीत जास्त किती टक्के जागा खायची ते. १ टीबीच्या आत २५ टक्के, १ ते ५० टीबीला ५ टक्के, त्याच्या वर १ टक्का. आता गंमत बगा, एक्सएफएसचा आयनोड ५१२ बाइटचा, ५०० जीबीच्या २५ टक्क्यात सुमारे २४ कोटी बसतात आणि २ टीबीच्या ५ टक्क्यात साडेएकोणीस कोटी. चौपट डिस्क, आयनोड कमी! बारक्या फाइलींचाच सर्व्हर असला तर एमकेएफएस.एक्सएफएस ला -आय मॅक्सपीसीटी=२५ देऊनच टाका. विसरलात तरी चालू सिस्टीमवर एक्सएफएस_ग्रोएफएस -एम नं वाढवता येतं, हा ईएक्सटी४ पेक्षा मोठा फायदा.

तोटे दोन. पार्टिशन छोटं करता येत नाही असंच धरून चला, म्हणून एलव्हीएम (डिस्कची जागा लागेल तशी वाटून द्यायची सोय) वर बनवा आणि सुरुवातीला सगळी जागा देऊन टाकू नका, लागेल तशी वाढवा. दुसरं, एक्सएफएस_रिपेअर ला कोटींनी आयनोड असले की रॅम भरपूर लागते, ४ जीबी रॅमच्या मशीनवर कोट्यवधी फाइली ठेवून रिपेअर चालवायची वेळ आली तर अवघड होतं.

बाकीचे थोडक्यात. बीटीआरएफएस दोन केबीपर्यंतच्या फाइली मेटाडेटातच (म्हणजे नोंदींच्या जागेतच) ठेवून घेतं, ऐकायला भारी, पण मेटाडेटाच्या दोन कॉप्या ठेवायची सेटिंग असली तर त्या फाइली पण दोनदा लिहिल्या जातात. झेडएफएस ला स्पेशल व्हीडेव म्हणून एसएसडी लावून मेटाडेटा आणि बारके ब्लॉक तिकडं पाठवता येतात, पैसे आणि रॅम असली तर मस्त, फक्त ती एसएसडी एकटी लावू नका, ती गेली की पूर्ण पूल (सगळ्या डिस्कचा मिळून साठा) जातो, जोडीच लावा. आणि रायझरएफएस, ज्याचं एके काळी याच कामासाठी नाव होतं, ते लिनक्स कर्नल ६.१३ मधून काढूनच टाकलंय, जुने लेख वाचून तिकडं जाऊ नका.

फोल्डर कसे पाडायचे

माझ्या मते फाइल सिस्टीम कोणती यापेक्षा फोल्डरची मांडणी जास्त महत्त्वाची. नऊ लाख फाइली एकाच फोल्डरात टाकल्या तर ईएक्सटी४ पण सांभाळतं, एक्सएफएस पण सांभाळतं, सांभाळत नाहीत ती माणसं आणि त्यांची टूल्स. एलएस मारला की तो आधी सगळी नावं गोळा करतो, सॉर्ट करतो, रंग द्यायला प्रत्येक फाइलची चौकशी करतो आणि तोवर तुम्ही चहा पिऊन येता. आरएम आणि स्टार मारलं तर "आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग".

पहिला थर टेस्टचा ठेवा, दुसरा थर रोल नंबरचे शेवटचे दोन आकडे, तिसरा थर रोल नंबर, त्यात १८० पट्ट्या. शेवटचे दोन कामून? कारण रोल नंबरचे पहिले आकडे बॅचचे असतात, सगळ्यांचे सारखेच, त्यावर फोल्डर पाडले तर निम्मी पोरं एकाच फोल्डरात जाऊन बसतात. शेवटच्या दोन आकड्यांनी शंभर फोल्डर होतात आणि प्रत्येकात पन्नास पोरं, एकदम समान वाटणी. नंबरच नाहीत, नावं कशीही आहेत, तर नावाचा हॅश (नावावरून हिशोबानं निघणारा अक्षर-आकड्यांचा कोड) काढून त्याची पहिली दोन अक्षरं वापरा, २५६ फोल्डर होतात, गिट (कोडचे बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर) स्वतःच्या ऑब्जेक्टसाठी हेच करतं. दोन थर केले तर ६५५३६, इतके सहसा लागत नाहीत, उगीच रिकाम्या फोल्डरांचे पण आयनोड जातात.

टेस्ट किंवा तारीख सगळ्यात वर ठेवायचं कारण पुढं बॅकअप आणि डिलीटला कळेल.

एक बारीक गोष्ट, साध्या हार्ड डिस्कवर लई फरक पाडते. ईएक्सटी४ फोल्डर वाचताना नावं हॅशच्या क्रमानं देतं, आयनोडच्या नाही. त्याच क्रमानं फाइली उघडत गेलं की डिस्कचं डोकं इकडून तिकडं पळत राहतं. ७२०० आरपीएमची डिस्क अशा उड्या सेकंदाला ८०-१०० च मारू शकते, म्हणजे ९ लाख फाइली वाचायला तीन तासाच्या आसपास, आणि डेटा किती, तीन जीबी! स्क्रिप्ट तुमची असेल तर नावं घेतली की आधी आयनोड नंबरनं सॉर्ट करा आणि मग फाइली उघडा. नायतर सरळ एसएसडी घ्या. रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) लावायची असेल तर रेड १०, रेड ५ नको, तिथं एका बारक्या राइटला दोन रीड आणि दोन राइट होतात.

माउंट आणि बाकी सेटिंग

एफएसटॅब (कुठली डिस्क कशी जोडायची ती फाइल) मधी नोएटाइम टाका, म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहिली जात नाही. कुणी म्हणेल आता रिलेटाइम डिफॉल्ट आहे, २.६.३० कर्नलपासून, काय गरज. गरज अशी की रिलेटाइम पण २४ तासातून एकदा वेळ लिहितंच, आणि तुमचा टार (फाइलींचा एक गठ्ठा बांधणारी कमांड) रोज रात्री सगळ्या फाइली वाचत असला तर रोज सगळ्याच आयनोडवर लिहिणं होतं, नुसत्या वाचण्यापायी.

व्हीएफएस_कॅशे_प्रेशर ही कर्नलची सेटिंग डिफॉल्ट १०० असते, ५० करा, कर्नल नोंदी रॅममधी जास्त वेळ धरून ठेवतो. एका फाइलची नोंद रॅममधी एक केबीच्या वर जागा घेते म्हणून कोटभर फाइलींच्या नोंदी रॅममधी ठेवायच्या तर दहा-बारा जीबी धरून चला, स्लॅबटॉप मारला की दिसतं कोण किती खायलंय. आणि लोकेट कमांडसाठी रात्री अपडेटडीबी चालतं ते सगळ्या झाडावरून फिरून येतं, त्याच्या कॉन्फिग फाइलीत प्रूनपाथ्स मधी डेटाचा फोल्डर टाकून त्याला बाहेर ठेवा.

स्कॅनिंगचे पीसी विंडोजचे असतात, सांबातून (लिनक्सचे फोल्डर विंडोजला दाखवणारं सॉफ्टवेअर) जोडलेले. विंडोजला कॅपिटल-स्मॉल सारखंच म्हणून सांबा नवी फाइल बनवताना या नावाची दुसरी कुठली आहे का बघायला पूर्ण फोल्डर चाळतो, आणि फोल्डर मोठा असला की प्रत्येक फाइल आधीपेक्षा हळू. त्या शेअरवर केस सेन्सिटिव्ह = यस करा, नावं सगळी लोअरकेसच येतील असं बघा. त्याहून चांगलं, स्कॅनचं पूर्ण पान तेवढं सर्व्हरवर पाठवा आणि पट्ट्या सर्व्हरवरच कापा.

लाइट जाणं हा आपल्याकडचा वेगळा विषय. उन्हाळ्यात तर दिवसातून कितीदा जाईल नेम नाही, आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली कुणालाच माहीत नसतं. जर्नल (बदल आधी टिपून ठेवायची वही) असल्यामुळं फाइल सिस्टीम सहसा वाचते, पण नुकत्याच लिहिलेल्या फाइली शून्य बाइटच्या सापडू शकतात. बॅरियर (डिस्कवर लिहायचा क्रम पाळायला लावणारी सेटिंग) बंद केलं की स्पीड वाढतो असा सल्ला कुठं दिसला तर आपल्याकडं तो अजिबात पाळू नका. प्रोग्राममधी तात्पुरत्या नावानं लिहा, एफसिंक करा (म्हणजे डेटा खरंच डिस्कवर उतरतो), मग खरं नाव द्या. प्रत्येक पट्टीला वेगळा एफसिंक मात्र झेपणार नाही, साध्या डिस्कवर एकाला दहा मिलिसेकंद धरले तरी ९ लाखाला अडीच तास. एका पोराच्या १८० पट्ट्या लिहून झाल्या की एकदा सिंकएफएस (सगळं एकदम डिस्कवर उतरवणं), तेवढं बास.

फाइलीच कमी करा की

सॉफ्टवेअर तुमच्या हातात असेल तर वरचं निम्मं विसरा. एका पोराच्या १८० पट्ट्या एका झिप मधी ठेवा, कॉम्प्रेस न करता, जेपेग आधीच दाबलेली असते. टेस्टला ९ लाखाच्या जागी ५००० फाइली, वर्षाला ९ कोटीच्या जागी ५ लाख, प्रत्येकी पाचशे केबीच्या वर. कुठलीही फाइल सिस्टीम डिफॉल्टवर चालेल. किंवा टेस्टमागं एक एसक्यूलाइट डेटाबेस (तो एकाच फाइलीत राहतो), एसक्यूलाइटवाल्यांनी स्वतः मोजून लिहून ठेवलंय की १० केबीच्या आसपासचे ब्लॉब (फोटोसारखा डेटा) डेटाबेसमधून वाचणं सुट्या फाइली वाचण्यापेक्षा ३५ टक्क्यांनी जलद पडतं. फेसबुकनं फोटोंसाठी हेस्टॅक नावाची सिस्टीम केली, २०१० मधी त्यावर पेपर आला, तिथं पण मूळ आयडिया हीच, फोटो मोठ्या फाइलीत एकापुढं एक टाकायचे आणि कुठला कुठं आहे ती यादी रॅममधी. आडचण एवढीच की विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला हे सांगायला गेलं की "पुढच्या व्हर्जनमधी बघू".

बॅकअप, डिलीट

सगळ्यात जास्त रडवतो तो बॅकअप. आरसिंक बदललेलं तेवढंच पाठवतो हे खरं, पण काय बदललं ते शोधायला रोज प्रत्येक फाइलची चौकशी करतो, ९ कोटी फाइली असल्या तर रात्र पुरत नाही. टेस्टचा फोल्डर सगळ्यात वर ठेवायचा तो याच्यासाठी. निकाल लागला, आक्षेपाची मुदत संपली, की त्या टेस्टचा एक टार करा, दुसऱ्या मशीनवर पाठवा, आणि तो फोल्डर रोजच्या आरसिंकमधून काढून टाका. रोज फिरायचं ते फक्त चालू टेस्टांवर. हे जमणार नसेल तर एलव्हीएमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घेऊन पूर्ण व्हॉल्यूमच ब्लॉकनं कॉपी करा, फाइल मोजत बसायची भानगडच नाही. रिस्टोर एकदा तरी करून बघा, बारक्या फाइली परत लिहायला बॅकअपपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ते निकालाच्या दिवशी कळायला नको.

डिलीट करायला फाइंड आणि -डिलीट, आयओनाइस -सी ३ लावून, म्हणजे चालू काम अडणार नाही (आयओ शेड्युलर, म्हणजे डिस्कच्या कामांची रांग लावणारा, बीएफक्यू किंवा नव्या कर्नलवर एमक्यू-डेडलाइन असला तरच ते आयओनाइस ऐकलं जातं, तेवढं बघा). पण कोटींच्या हिशोबात हे पण दिवसभर चालतं. त्यापेक्षा दर शैक्षणिक वर्षाला वेगळा लॉजिकल व्हॉल्यूम बनवा. वर्ष संपलं, टार सुरक्षित जागी गेला, की अनमाउंट करून व्हॉल्यूमच उडवा, मिनिटभराचं काम.

आणि ज्यांचा सर्व्हर आत्ताच १०० टक्क्यावर अडकलाय त्यांच्यासाठी. आधी डीयू --आयनोड्स नं कचरा शोधा, सेशन फाइली, जुने कॅशे, मेलच्या रांगेत अडकलेलं, तेवढ्यानं आजचा दिवस निघतो. एलव्हीएम असलं तर व्हॉल्यूम वाढवून रिसाइज२एफएस करा, नव्या जागेबरोबर त्याच प्रमाणात नवे आयनोड येतात, पण प्रमाण जुनंच राहतं. कायमचं करायचं तर दुसऱ्या डिस्कवर नीट आकडे देऊन फाइल सिस्टीम बनवा आणि वरचा एकेक फोल्डर टारच्या पाइपमधून तिकडं न्या, तीन-चार एकाच वेळी चालवले तरी चालतं. हलवून झालं की दोन्हीकडं फाइंड -टाइप एफ आणि डब्ल्यूसी -एल नं मोजणी जुळवा, मग माउंट बदला, जुनी डिस्क महिनाभर तशीच बाजूला ठेवा. आणि मॉनिटरिंगमधी डीएफ -एच च्या बरोबरीनं डीएफ -आय चा पण अलर्ट लावा, ८० टक्क्याला मेसेज आला पाहिजे.